शंकरसिंगचे बांधलेले हात

शंकरसिंगनं आयुष्यात किती लोकांना मारलं हे आमच्या तांड्यात कुणीच मोजलं नाही. मोजायला बसणाऱ्यालाही त्यानं एक ठेवून दिली असती. तो माझा चुलत भाऊ, माझ्याहून थोडा मोठा. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पुढं, माळाच्या पायथ्याशी आमचा बंजाऱ्यांचा तांडा. बैलबाजारात एका दलालानं त्याच्या बैलाचं वय जास्त सांगितलं, तर यानं दलालाचेच दोन दात पाडून त्याच्या तळहातावर ठेवले. बसचा कंडक्टर, पाटलाचा गडी, सख्खा थोरला भाऊ, त्यानं कुणाला म्हणून सोडलं नाही. राग उतरला की त्याला वाईट वाटायचं आणि तो मार खाल्लेल्या माणसाच्या घरी कोंबडी घेऊन जायचा. लोक मुकाट्यानं कोंबडी घ्यायचे. नको म्हणायची कुणाची टाप नव्हती.

नव्वद सालानंतर तो कोळशाच्या भट्ट्या लावायला लागला. ठेका गुलाबचंदचा. गुलाबचंद शेजारच्या तांड्याचा, शंकरसिंगच्या बायकोचा, रुक्माबाईचा, सख्खा भाऊ. माळावर धावडा, पळस, मोह, टेंभुर्णी अशी दाट झाडी होती. शंकरसिंग झाडं पाडायचा, लाकडं रचायचा, वरून माती लिंपून आत धुमसत ठेवायचा. कोळशाचे ट्रक हिंगोलीकडं जायचे. दहा वर्षांत अर्धा माळ बोडका झाला आणि पायथ्याचा झरा आटला. तेव्हा आम्ही सगळे पावसाला शिव्या देत होतो. पाऊस काही ऐकायला बसला नव्हता.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात त्याची अकरा वर्षांची पुजा हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर गेली आणि परत येताना भर दुपारी वाटेत पडली. आम्ही पोचलो तेव्हा अंग चटके बसावेत असं तापलेलं होतं आणि श्वास थांबला होता. आसपास सावलीला एक झाड नव्हतं. पूर्वी तिथं धावड्याची तीन झाडं होती. ती कुणी तोडली हे शंकरसिंगला कुणी सांगायची गरज नव्हती.

पोरीला माती दिली आणि तो तसाच टिकाव घेऊन माळावर गेला. पेटत्या भट्ट्या त्यानं एकामागून एक फोडल्या. गुलाबचंद आडवा आला. शंकरसिंगनं त्याला जळतं लाकूड हाणलं. गुलाबचंदचा खांदा मोडला, कानाची पाळी जळाली. आम्ही सहा जणांनी मिळून शंकरसिंगला दाबून धरलं, त्यात माझं नाक फुटलं. मला त्याची कोंबडीसुद्धा मिळाली नाही.

आठवड्यानं गुलाबचंदची माणसं येऊन रुक्माबाईला घेऊन गेली. पोरीच्या दुःखानं ती दगडासारखी झाली होती, काही बोललीच नाही. गुलाबचंदनं आमच्या तांड्याचे प्रमुख, नायक अमृतराव यांच्यासमोर, पंचांच्या बैठकीत, म्हणजे नसाबीत, पांढऱ्या झेंड्याखाली जाहीर केलं, "ह्या मारकुट्याकडं माही बहीण नांदणार न्हाई. आजपासून ती माह्या घरची." नायकांनी मान डोलावली. शंकरसिंगची बाजू घेणार कोण? बाईला कुणी विचारलं नाही. मला ही रीत तेव्हाही आवडली नव्हती.

दोन वर्षं तो माणूस झाडं लावायला माळावर एकटा खड्डे खणत राहिला. दरम्यान गुलाबचंदनं नसाबीकडं उरलेला माळ कोळशासाठी मागितला. त्याच सुमारास सेवालाल महाराजांच्या देवळातले आमचे पुजारी प्रेमदास महाराज वाशीमला कसल्या शिबिरात जाऊन आले. 'हवामान बदल' हा शब्द त्यांनी तिथून आणला आणि भोग लावतानाही तो म्हणायला लागले. लोक हसले. मग महाराज म्हणाले, "हसू नका. पुरथमी तापून राहिली. पुजा कशानं गेली?" हसणं तिथंच थांबलं.

त्यांनी यात्रा काढायची ठरवली. रामनवमीला पोहरादेवीला तांडेच्या तांडे लोटतात. आपण सायकलींवर जायचं, प्रत्येक सायकलीला पांढरा झेंडा, वाटेतल्या प्रत्येक तांड्यावर अरदास, म्हणजे प्रार्थना करायची आणि तिथल्या नायकाला कुऱ्हाडबंदी मागायची. मोटार नको, धूर नको. यात्रेच्या पुढं चालायला त्यांनी शंकरसिंगला निवडलं. जाळणाऱ्यानंच सांगावं, असं त्यांचं म्हणणं.

नसाबीनं अट घातली. शंकरसिंगनं जाऊन येईपर्यंत कुणावर हात उचलला नाही, तर आपल्या माळावर कायमची कुऱ्हाडबंदी आणि रुक्माबाईला घरी आणायची परवानगी. उचलला, तर माळ गुलाबचंदचा. आमच्याकडं शपथ एकट्याची नसते, घराची असते. गुलाबचंदनं ते मुद्दाम वदवून घेतलं, "त्याच्या घरच्या कुणाचाबी हात उठला तरी शपथ मोडली." शंकरसिंगच्या थोरल्या भावाचं डोकंही फार थंड नाही हे त्याला माहीत होतं. त्या भावानं शपथ ऐकली आणि यात्रा संपेपर्यंत सासुरवाडीला जाऊन बसला.

आम्ही तीस-बत्तीस जण निघालो. जाताना वाशीमच्या अलीकडं रस्त्यावर बाभळीचे काटे पसरलेले होते, निम्म्या सायकली पंक्चर. पुढं एका वळणावर शेतातून दगड आले. एक दगड शंकरसिंगच्या भुवईवर बसला, रक्त डोळ्यात उतरलं. तो सायकलवरून उतरला, दोन्ही हात मांडीखाली घालून रस्त्यावर बसला आणि दगड थांबेपर्यंत तसाच बसून राहिला. वाटेतल्या तांड्यांवर तो एवढंच बोलायचा, "मी झाडं जाळली. माही पोरगी उन्हानं मेली." आणि खाली बसायचा. बाया रडायच्या, नायक कुऱ्हाडी आणून झेंड्यापुढं ठेवायचे. महाराजांच्या तासाभराच्या प्रवचनानं जे व्हायचं नाही ते ह्या दोन वाक्यांनी व्हायचं. पोहरादेवीला तो देवीपुढं बराच वेळ उभा राहिला. काय मागितलं ते मी विचारलं नाही, मला ठाऊकच होतं.

परतीच्या वाटेवर कनेरगाव नाक्याजवळ दुपारी ढाब्यापुढं गुलाबचंदची जीप आडवी लावलेली दिसली. सात-आठ माणसं, हातात काठ्या. जीपमध्ये रुक्माबाई. तिला कशाला आणलं असेल हे मला तेव्हा कळलं नाही. शंकरसिंगला कळलं. तो थांबला, गळ्यातला दुपट्टा काढून माझ्याकडं दिला.

"संतराम, माहे हात हँडलला बांध. पक्के बांध."

मी बांधले. दोन-दोन गाठी मारल्या.

ते आमच्यावर तुटून पडले. महाराजांना त्यांनी नालीत ढकललं, दोघांची डोकी फोडली, झेंडे चिखलात तुडवले. शंकरसिंगला खाली पाडून, सायकलीसकट, त्याच्या पाठीवर, बरगड्यांवर, गुडघ्यांवर काठ्या घातल्या. हाडाचा आवाज मी ऐकला. ढाब्यावरचे लोक चहाचे ग्लास घेऊन बघत उभे. मार खाऊन तो ओरडला नाही, शिवीही दिली नाही. गुलाबचंदला ते सहन होईना. त्यानं जीपचं दार उघडलं, रुक्माबाईला केसाला धरून बाहेर ओढलं आणि नवऱ्याच्या समोर उभी करून थोबाडीत मारली. मग दुसरी. तिसरीला तिचा ओठ फाटला.

शंकरसिंग उठला. मोडलेल्या बरगड्यांनिशी सायकल अंगावर ओढत तो पुढं आला, दातांनी गाठ ओढायला लागला. माझ्याकडं बघून म्हणाला, "सोड."

मी सोडलं नाही. "सोड, संतराम, तुह्या पाया पडतो." मी त्याची मान धरून त्याला तिथंच दाबून ठेवलं. त्यानं माझ्या मनगटाचा लचका काढला, तो व्रण अजून आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सोडणार नाही.

तेवढ्यात रुक्माबाईनं रस्त्यावर पडलेला हवा भरायचा लोखंडी पंप उचलला आणि भावाच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर आला तरी ती थांबली नाही. पुजा गेल्यापासून ती पहिल्यांदा बोलली असेल. "गुलाब्या, माह्या लेकराचा कोळसा केला तुमी दोघांनी. त्यो निदान रडला. तू ठेका मागून राहिला." पंप वाकला तेव्हा कुणीतरी तो तिच्या हातातून घेतला.

महिनाभरानं नसाब बसली. गुलाबचंद डोक्याला पट्टी बांधून आला. शंकरसिंगला चार जणांनी खाटेवरून आणलं. रुक्माबाई बायकांच्या मागं, एकटी.

"शपथ मोडली," गुलाबचंद म्हणाला. "ह्याच्या बायकोनं मला मारलं. माळ माहा."

अमृतराव नायक हळू बोलणारे. म्हणाले, "तूच म्हनला व्हता ना, ती तुह्या घरची हाय म्हणून? मग तुह्या घरचा हात तुह्याच डोक्यावर पडला. शंकरसिंगची शपथ कशी मोडली?"

माणसं हसायला लागली. पण गुलाबचंद काही खुळा नव्हता. "मी तिला तवाच परत दिली," तो म्हणाला. "नाक्यावर ती नवऱ्यासाठीच लढली ना? घेऊन जाऊ द्या त्याला. विचारा, हाय का त्याची बायको?"

नायकांनी शंकरसिंगकडं पाहिलं. "सांग. झेंड्यापुढं सांगितलेला शब्द मागं घेता येत न्हाई, तुला ठाव हाय. तुह्या घरची म्हनला तर बायको तुही, माळ त्याचा. त्याच्या घरची म्हनला तर माळ वाचला, पर मग तिला पुन्हा आणता येणार न्हाई."

जिच्यासाठी त्यानं पोहरादेवीपर्यंत मार खाल्ला ती दहा हातांवर बसली होती. मला वाटलं, होय म्हणावं यानं, मसणात जाऊ दे तो माळ. खरंच वाटलं.

मागून रुक्माबाईचा आवाज आला. "काहून गप हाय तुमी? दुसऱ्याची पोरगी पडू द्यायची का तिथं उन्हात?"

शंकरसिंगनं डोळे मिटले. "माह्या घरची न्हाई," तो म्हणाला.

माळ वाचला म्हणून पोरांनी नगारा काढला. मी जाऊन नगाऱ्यात लाथ घातली, चामडं फाटलं. नायकांनी मला त्याचा दंड केला, तो मी खुशीनं भरला. रुक्माबाई सगळ्यांच्या मधून चालत तांड्याबाहेर गेली. भावानं तिला घरात घेतलं नाही. ती आखाडा बाळापूरला मावशीकडं राहते, बाजारात भाजी विकते.

शंकरसिंग लंगडत माळ राखतो. त्यानं पुन्हा कुणाला मारलं नाही. कुणी कुऱ्हाड घेऊन आलंच तर तो झाडाखाली जाऊन बसतो आणि म्हणतो, "ह्या झाडापायी मी माही बायको दुसऱ्याच्या घरची म्हणून सांगितली. आता घाल घाव." अजून कुणी घातलेला नाही.