आधी माणसानं जेवायचं

बायको वारली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी जळोचीच्या मळ्यात एकटाच राहत होतो. खतासाठी शेतात मेंढरं बसवायला आलेल्या धनगर आबांनी जाताना आपला थकलेला कुत्रा माझ्याकडं ठेवला. "चालवत न्हाय त्याला. तुमालाबी सोबत हुईल," म्हणाले.

चार दिवस त्यानं काही खाल्लं नाही. भाकरी दुधात कुस्करून दिली, तरी नुसता वास घेई आणि माझ्याकडं बघत बसे. तो मरणार असं वाटून मी सायकल काढली आणि इंदापूरच्या वाटेवर आबांना गाठलं.

"तुमी जेवता कुठं?" त्यांनी विचारलं.

"चुलीपाशी उभ्यानंच दोन घास खातो, आबा."

"मग त्यो कसा खाईल? आमच्यात आदी माणूस बसून जेवतं, मग शेवटचा तुकडा कुत्र्याला. तुमी काय घोडं हाय व्हय, उभ्यानं खायला?"

घरी येऊन मी पाट मांडला आणि भाकरी-पिठलं घेऊन बसलो. कुत्रा समोर बसून माझं जेवण व्हायची वाट बघू लागला. बायकोही अशीच थांबायची. बाजारच्या दिवशी मी बाहेर खाऊन येई आणि ‘भूक नाही’ एवढंच म्हणून आडवा होई. मी जेवलो नाही म्हणून तीही तशीच निजे. ते मला माहीत होतं.

ताटावरून उठावंसं वाटलं. पण मी उठलो असतो तर तोही उपाशी राहिला असता. मी भाकरी संपवत आणली आणि शेवटचा तुकडा त्याच्यापुढं धरला. त्यानं तो हळूच घेतला.