पिवळी रेघ

माझं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे माझीच पंचाईत होते. अवकाशातून प्रचंड वेगानं परतणारी वस्तू वरच्या विरळ हवेत शिरली की तापते आणि झळकते. त्या उजेडात कोणते रंग किती असतील, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडतो. आई शेजारणींना सांगते, "तुटत्या ताऱ्यांचा कायतरी करतो." बरंचसं खरं आहे ते.

गणित बरोबर की चूक, हे प्रयोगशाळेत ठरतं. तिथे बदलापूरच्या शिरगावात राहणारी माझी एक सहकारी होती. अशा वस्तूवर जे संरक्षक आवरण असतं, त्याचा लहानसा तुकडा ती तप्त वायूच्या झोतात धरायची आणि उजेडातले रंग मोजायची. एका चाचणीत तिला रंगांच्या पट्ट्यात ठळक पिवळी रेघ मिळाली. माझ्या गणितात ती नव्हतीच. रेघ सोडियमची, म्हणजे मिठात असतं त्याची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. भर मीटिंगमध्ये मी म्हणालो, "ग्लोव्हज न घालता तुकडा हाताळला असेल. घामातलं मीठ, दुसरं काय!"

सगळे हसले.

"माझा हात लागलेला नाही," ती म्हणाली. "आवरणाचा तपासणी अहवाल मेलला जोडलाय. तो बघ."

मी बघितला नाही. गणित इतकं देखणं जमलं होतं की त्यात काही राहिलं असेल, असं मला वाटेचना. पुढे तिला त्या कामावरून काढून खरेदीच्या फायली दिल्या आणि थोड्याच दिवसांत तिने नोकरी सोडली. मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर हायसंच वाटलं मला.

बऱ्याच महिन्यांनी, एका रविवारी अंबरनाथला आमच्या घरी आई भात शिजवत होती. पेज उतू गेली आणि गॅसची निळी ज्योत पिवळीधमक झाली. मी बघतच राहिलो.

"बगतंस काय? मीठ हाय त्यान," आई म्हणाली. "चिमूटभर असला तरी जाल पिवला व्हतो."

तिचं माहेर मिठागरातलं. तिला हे शिकवावं लागलं नव्हतं.

मी उठून ती जुनी मेल शोधली. अहवालाच्या चौथ्या ओळीत सोडियम होतं, अगदी नखभर. तेवढंच गणितात घातलं आणि रेघ उमटली, तिने मोजली होती तितकीच ठळक. नाचता येईना अंगण वाकडं, तसं केलं होतं मी.

सुधारलेल्या रिपोर्टचं ऑफिसात कौतुक झालं. तो घेऊन मी शिरगावला तिच्या घरी गेलो. ती आता बारावीच्या शिकवण्या घेते. तिने रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत वाचला.

"सोडियम धरलंस, चांगलं केलंस. पण ते कुणाच्या मोजणीवरून, हे कुठाय यात?"

"तेच सांगायला आलोय ना. चुकलो मी."

"मला काय सांगतोस? मला माहीतच होतं. जे हसले, त्यांना सांग."

तिने रिपोर्ट माझ्या हातात परत दिला. चहाचं विचारलं, पण मला बसवेना.

पुढच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी हसलेल्यांपैकी तिथे दोघंच उरले होते. मी कुणाबद्दल बोलतोय, हे आठवायला त्यांना बराच वेळ लागला.