शेजारच्या मंत्र्यांचा सत्कार

रविवारी स्तानिमिर आजोबा काळा सूट घालून हॉलच्या दारात वेळेआधीच येऊन उभे राहतील, ही काळजी वैजयंतीच्या मनातून जाता जात नव्हती. घोळ तिनेच घातला होता.

लंडनच्या ईलिंगमध्ये दोघांच्या घरांची भिंत एक. आजोबांचं वय चौऱ्याण्णव. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या निर्वासितांच्या छावणीतून ते इंग्लंडला आले, पावाच्या कारखान्यात तीस वर्षं रात्रपाळी केली. बायको गेल्यावर मागच्या अंगणात मिरच्या लावत राहिले. वैजयंतीची लेक ईशिता लहान असताना तिला शाळेतून आणायचेही तेच. "सर्बियात मी शिक्षण खात्याचा उपमंत्री होतो," असं ते एकदा बोलून गेले आणि वैजयंतीने ते महाराष्ट्र मंडळात सांगितलं. मंत्री म्हटल्यावर पुढचं कोण विचारतं? अध्यक्ष श्रीनिवास यांनी २००४च्या दिवाळी कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठरवला, पत्रिकाही छापली. शाल घालायची वैजयंतीने.

काल ईशिता युनिव्हर्सिटीतून घरी आली आणि पत्रिका वाचून म्हणाली, "आई, कुठल्या गव्हर्नमेंटमध्ये, ते विचारलंस? ते जर्मनांनी बेलग्रेड घेऊन बसवलेलं सरकार होतं."

वैजयंती तशीच शेजारी गेली. निदान नाही तरी म्हणतील, अशी आशा होती. आजोबा शांतपणे म्हणाले, "हो. शिक्षकांच्या याद्यांवर मी सह्या करायचो. नोकऱ्या जायच्या. काहींना नंतर पकडून नेलं. मी नसतो तर दुसऱ्याने केल्या असत्या." आणि भाजलेल्या मिरच्यांची बरणी तिच्या हातात दिली. वैजयंती स्वतः अठरा वर्षं प्रायमरी शाळेत शिकवत होती. बरणी घेऊन ती घरी आली, याचा तिला जास्त राग आला.

श्रीनिवासना कळवलं तर ते म्हणाले, "अहो वहिनी, साठ वर्षं झाली. आपल्यात कोणाला माहितीये? नारळसुद्धा आणून ठेवलेत."

"हॉलचं बुकिंग कॅन्सल झालं म्हणून सांग," मिलिंद टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला.

"म्हणजे सोमवारी हॉलवाल्यांविरुद्ध तक्रार लिहून घ्यायला ते आपल्याकडेच येतील."

"मग घाल शाल."

नवऱ्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. त्या म्हाताऱ्याला खोटं तरी बोलता आलं नसतं का? तो खरं बोलला, आता हिलाही बहाणा सांगता येईना. मी शाल घालणार नाही, तुम्ही येऊ नका, आणि कारण त्या याद्या आहेत, एवढं सांगायचं होतं. समोर गेलं तर ते आधी कॉफी करायला उठतील, आणि कॉफी प्यायल्यावर असलं काही तोंडातून निघणार नाही.

तिने टीव्ही बंद केला आणि भिंतीपलीकडच्या घरी फोन लावायला घेतला.