कलादालनाचा दहावा

मी स्टुलावर उभा राहून कापडी फलकाची दुसरी दोरी बांधत होतो, तेव्हा खालून एका बाईंनी विचारलं, "दहावा लिवलाय. कोन गेला, भाऊ?"

मित्रांनो, फलक होता मी चालवतो त्या हॉलचा: 'कलादालनाचा दहावा वर्धापनदिन'. आमच्या कॅम्प तीन वस्तीतल्या सिंधी पेंटरने तो दोन कापडांवर रंगवला. दुसऱ्याचा रंग ओला होता, म्हणून मी आज 'कलादालनाचा दहावा' एवढं पहिलंच कापड लावलं.

बाई शिवमंदिराजवळ भाजी विकतात. "कोणी गेलं नाही," मी म्हणालो. "हॉलला दहा वर्षं झाली."

"मंग येकटाच का तू?"

मी स्टुलावरून उतरून आत जमिनीवर बसलो. सध्या जलरंगांचं प्रदर्शन आहे, पुढच्या महिन्यात लाकडी ठशांची चित्रं. वेळापत्रक दारावर लावलंय. आठवडाभरात एकही माणूस आलेला नाही. असंच चाललं तर जागामालक हॉल जीन्सच्या शिलाईला देणार आहे.

बाई टोपली दाराशी ठेवून आत आल्या. चित्रांकडे त्यांनी पाहिलं नाही. दुखवट्याला बसतात तशा माझ्याजवळ जमिनीवर पंधरा मिनिटं बसल्या. मी पुन्हा काही समजावलं नाही. मला बरं वाटत होतं.

उठताना म्हणाल्या, "जेवून घे."

त्यांचा गैरसमज मी दूर करायला हवा होता का? तुम्ही काय केलं असतं?

एवढं काल संध्याकाळी लिहिलं होतं. आज सकाळी साडेनऊला भाजीवाल्या बाईंच्या आळीतल्या चार बायका आल्या. चपला बाहेर काढून माझ्याजवळ जमिनीवर बसल्या, मग उठून एकेक चित्र बघत फिरल्या.