गुरुवारची बादली

काठमांडूच्या या खोलीत मी आडवी होते ती झोपण्यासाठी नाही, नुसती पाठ टेकायला. दुपारचे तीन वाजलेत. पाच वाजता खालच्या सभागृहात आमच्या संस्थेचा कार्यक्रम आहे. छातीवर एक कोरं कार्ड आहे आणि बोटांत निळं पेन. कार्डावर काय लिहायचं ते सकाळपासून ठरत नाहीये. खाली पोरं खुर्च्या मांडताहेत. तो आवाज लांब जातो, जवळ येतो, आणि मग तो खुर्च्यांचा राहत नाही, टाइपरायटरचा होतो.

चिंचवडची टायपिंग इन्स्टिट्यूट. मशिनींवर खाकी कव्हरं घातलेली आहेत, तरी खडखड चालू आहे. मागच्या टेबलाशी तो बसलाय, गेला तेव्हा होता तेवढाच, सव्वीसचा. मी पंचेचाळीसची. त्याला याचं काहीच वाटत नाही. मला फार वाटतं.

"उशीर केलास, वैजे," तो म्हणतो.

संस्थेत त्याला सगळे गुरुवार म्हणून ओळखतात. भोसरीच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता आणि त्याची सुट्टी गुरुवारी असे. त्या दिवशी दुपारी इन्स्टिट्यूट रिकामी असायची, किल्ली माझ्याकडे. तिथे आम्ही नऊजण जमायचो. मुलग्यांवर जीव असलेले मुलगे, मुलींवर जीव असलेल्या आम्ही दोघी, आणि लहानपणापासून मुलगी म्हणून वाढवलेला, पण मुलगी नसलेला एकजण. पहिल्या गुरुवारी प्रत्येकानं कार्डावर आपलं खरं नाव लिहिलं आणि खाली, जन्मात कुठे लिहिलं नव्हतं असं एक वाक्य. ते कार्ड पिनेनं छातीला लावलं. दोन तास आम्ही तसे बसलो, आणि मला आठवतं, कुणालाच उठायचं नव्हतं.

पुढच्या गुरुवारपासून तो बादली घेऊन यायला लागला. जाताना कार्डं पाण्यात टाकायची, शाई विरघळेपर्यंत थांबायचं, मगच कुलूप. नावंही खोटी घ्यायची. त्यानं स्वतःचं गुरुवार ठेवलं.

मी त्याला हे सगळं सांगायला लागते, म्हणजे पुढचं. आमच्यातली एक हॉलंडला शिकायला गेली, तिनं तिथे बादली ठेवली. तिच्याकडे येणारा एकजण केनियाला परतला, त्यानं तिथे ठेवली. आता एकतीस देशांत गट आहेत. कुणी मंगळवारी जमतं, कुणी रविवारी, पण गटाला सगळे गुरुवारच म्हणतात. ब्राझीलच्या पोरांना तो शब्द धड म्हणताही येत नाही. शेवटी बादली फिरते तेव्हा सगळे उभे राहतात, काहीजण रडतात.

"एकतीस देशांत प्लॅस्टिकच्या बादल्या मिळतात?" तो विचारतो.

"पितळेचीही आहे एक. जपानवाल्यांनी तर लाकडी करून घेतलीय."

तो हसतो. ते हसू मला चोवीस वर्षं ऐकू आलेलं नाही. मला वाटतं, आता काही विचारूच नये, एवढंच चालू द्यावं. मी म्हणते की संस्था आता तुझ्या वयाची झाली, पुढच्या वर्षी तुझ्यापेक्षा मोठी होईल.

आम्ही बसलोय ते टेबल आता तिरकं आहे, ड्रॉइंग बोर्ड. भोवती कारखान्याचा ड्रॉइंग हॉल, उंच खिडक्या, आणि खिडक्यांबाहेर काठमांडूचे डोंगर. तो स्टीलची पट्टी कागदावर ठेवतो आणि एक लांब रेघ ओढतो. त्याची ही खोडच होती. आधी वरची अख्खी रेघ ओढायची, मग तिला एकेक अक्षर लटकवायचं. सगळे त्याला हसायचे. तो मला हसायचा, कारण पट्टी धरूनही माझी रेघ उताराला लागते.

"ती अजून लागते का उताराला?" तो विचारतो.

"अजून."

मग मी ज्यासाठी आलेय ते विचारते. पोरांना तुझं खरं नाव हवंय. दरवर्षी विचारतात, या वर्षी तर मंचावर मोठी पाटी करून ठेवलीय, नावाची जागा रिकामी सोडून. ते माहीत असलेल्या पहिल्या नऊजणांपैकी संस्थेत आता मी एकटीच उरलेय. काविळीनं तू अकरा दिवसांत गेलास, आणि नवव्या दिवशी दवाखान्यात माझ्याकडून कबूल करून घेतलंस की आई आहे तोवर नाव कुठे येऊ द्यायचं नाही. मी तुझ्या तेराव्याला टायपिंगच्या क्लासमधली मैत्रीण म्हणून जेवून आले. इतकी वर्षं शब्द पाळला. आता आई पौषात गेल्या.

"आई आहे तोवर, म्हणजे त्यानंतर चालेल, असं म्हणायचं होतं का तुला? का नुसतं मला समजवायला?"

तो पट्टी खाली ठेवतो. खाली फरशी ओली आहे. आम्ही त्याच्या घरच्या मोरीच्या दारात उभे आहोत. त्याची आई पाठमोरी बसून शर्ट घासतेय. मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते, तशीच, तेव्हाची.

"त्या पहिल्या गुरुवारचं कार्ड माझ्या खिशात राहिलं होतं," तो हळू आवाजात सांगतो. "आईनं शर्ट धुतला. त्याचा नुसता लगदा झाला. तिनं तो तळहातावर घेऊन मला दाखवला. म्हणाली, काही कामाचं होतं का रे?"

मला हे ठाऊक आहे. बादली त्यातूनच आली, हे त्यानं सांगितलं होतं. आईला त्यानं काय उत्तर दिलं, ते कधी सांगितलं नव्हतं.

"मी नाही म्हणालो."

आई शर्ट पिळतात. पाणी निळं आहे.

"मग दर गुरुवारी बादलीत कार्डं टाकताना मला तेच आठवायचं. तुम्हा सगळ्यांना सुटल्यासारखं व्हायचं. मला नाही व्हायचं गं." तो माझ्याकडे बघतो. "कामाचं होतं, वैजे."

मला त्याचा हात धरायचा आहे. मी हात पुढे करते आणि अंगठ्याला पिन टोचते.

खोलीत ऊन पडदा ओलांडून पलंगावर आलंय. खाली कुणीतरी माइक तपासतंय. मी रडलेय, उशी ओली आहे. अंगठ्यावर रक्ताचा ठिपका आहे, त्याचं काही नाही, कार्डाची पिन उघडीच होती. आणि तो बोलला की मीच मला हवं ते त्याच्या तोंडी घातलं, हे मला कळायला मार्ग नाही. खरं सांगायचं तर त्यानं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. अजून थोडा वेळ बोलला असता.

मग मी कार्ड उचलते. ते कोरं नाहीये. वरच्या बाजूला एक निळी रेघ आहे, डाव्या कडेपासून निघालेली, लांब. पेन माझ्याच मुठीत आहे, तेव्हा ती मीच ओढली असणार, झोपेत. पण ती कुठेही उताराला लागलेली नाही, आणि खोलीत पट्टी नाही.

आज बादली माझ्यासमोर येईल तेव्हा मी कार्ड काढणार नाही. मी उठून बसते, कार्ड मांडीवर घेते आणि त्या रेघेला एकेक अक्षर लटकवते. हेरंब सदाशिव घारे.

रेघ बरोबर पुरते.