भुऱ्याच्या मानेवरचा निळा टिक्का

ही गोष्ट पंचफुलेले सांगायची होती. पंचफुला म्हणजे माही बायको. तिले सांगितली नाही, म्हणून मग कोणालेच सांगितली नाही — पोरीले नाही, भावाले नाही, जामसांवळीच्या मारुतीपुढे हात जोडले तं त्यालेही नाही. आता ती गेली. तुमी समोर बसले आहा असं समजून लिहून राहिलो. चौथी शिकलेला माणूस, अक्षर गबाळं आहे. पण गोष्ट सरळ आहे.

मी भित्रा नाही. विहिरीतला साप मी हातानं काढला. गावात ज्याले जे बोलायचं ते तोंडावर बोललो. मग एवढंसं काहून नाही बोललो? — सांगतो.

आमचं गाव मोहगावच्या बाजूले. घराले लागूनच संत्र्याची बाग, अन् बागेच्या राखणीले भुऱ्या कुत्रा. पंचफुलेनं तो पिल्लू असताना लोधीखेड्याच्या बाजारातून थैलीत घालून आणला. सकाळची पहिली भाकर त्याची. तव्यावरून काढली का फुंकून फुंकून थंडी करे अन् मग त्याच्यापुढे ठेवे. मी म्हणो, "अवं, मले कधी फुंकून देल्ली काय?" तं म्हणे, "तुमी बागेत घोरता. तो जागते."

त्या वर्षी संत्र्याचा आंब्या बहार तोडीवर आला होता. तेवढ्यात मोहगावले जनावराचे डॉक्टर आले, कुत्र्यायले सुया लावायले — पिसाळायची एक, पोटाच्या रोगाची एक. ज्याले सुई लागली त्याच्या मानेवर निळा टिक्का, म्हणजे वळखू येते. पंचफुलेनं दोर माह्या हातात देल्ला. "आजच्या आज टोचून आणा त्याले."

आता माही अक्कल ऐका. मोहगावच्या चहाच्या टपरीवर मीच सगळ्यायले सांगत फिरत होतो — सुई लावलेलं कुत्रं ढिल्लं पडते, चोर आला तं शेपूट हालवते. लोक हासत, मी आणखी सांगो. कोणत्या डॉक्टरनं सांगितलं होतं मले? कोणीच नाही. मी बोललो म्हणून ते खरं. अन् आता मीच दोर धरून लायनीत उभा राहू? टपरी तं समोरच. "काय बुढा, आता तुहं कुत्रं चोराले पाणी पाजन का?" — हे ऐकू?

नाही गेलो. भुऱ्याले घेऊन बागेच्या पार दुसऱ्या टोकाले बसलो.

संत्र्याच्या बुडाले आमी मोरचूद अन् चुन्याचा लेप लावतो, डिंक्या रोग येऊ नये म्हणून. निळाच असते तो. बादलीत उरला होता. बोट बुडवलं — अन् भुऱ्याच्या मानेवर ओढलं. तो हलला बी नाही. माह्याकडे पाहून राहिला होता. त्याले काय, मालकाचा हात.

घरी आलो तं पंचफुलेनं टिक्का पाह्यला अन् असा चेहरा केला तिनं, जसं पोरगं टोचून आणलं. त्याले गूळ घालून दूध देल्लं.

पुढे, पाहुणे आले होते, मटणाचा रस्सा झाला होता. उरलेला रस्सा अन् हड्डी तिनं भुऱ्याले देल्ली. आवडे त्याले. दुसऱ्या दिवशी तो उलट्या करू लागला. मंग रक्ताची हगवण. उठेना.

सौसरहून डॉक्टर आणला. आता लक्ष द्या, कारण सगळं इथंच आहे. त्यानं भुऱ्याचं पोट दाबलं, अन् विचारलं, "काका, इसको टीका लगा है ना?"

मी तोंड उघडायच्या आधी पंचफुला बोलली, "हो ना साहेब, लावला. निळा टिक्का होता. हेच घेऊन गेले होते." अन् माह्याकडे पाह्यलं — सांगा म्हणून.

मी मान हालवली. हो.

"फिर खाने में कुछ गया होगा," डॉक्टर म्हणे. "क्या खिलाया था, अम्मा?"

तिचा चेहरा मी पाह्यला. एका शब्दाचं काम होतं. तिथंच बोललो असतो तं डॉक्टरनं दुसरं औषध देल्लं असतं काय? भुऱ्या वाचला असता काय? मले माहीत नाही. पण तो चेहरा तसा झाला नसता, हे मले माहीत आहे.

भुऱ्या गेला. गावात बिनटिक्क्याची आणखी कुत्री त्याच रोगानं गेली, टिक्क्याचं एक नाही गेलं. मी समजलो. ती नाही समजली — तिच्या लेखी भुऱ्याले टिक्का होता. म्हणे, "माह्याच हातानं गेला." अन् मी म्हणलो, "मंग? तुले कोणी सांगितलं होतं तिखट घालायले?"

असं म्हणलो मी.

त्याच्यानंतर पहिली भाकर कोणाचीच नाही. दारात कुत्रं आलं तं ती लांबूनच हाकले. जामसांवळीले जाये, तं तिथली कुत्री मागं लागत. ती प्रसाद पदरात बांधून घरी आणे, त्यायले टाकत नसे. वर्षं गेली अशी. रोज माह्याच बाजूले बसून जेवे. किती वेळा बोलता आलं असतं? रोज.

शेवटच्या दुखण्यात ती म्हणाली, "अवो, माह्या तेरवीत कुत्र्याचा घास नका काढू. माह्या हातचं त्यायले सोसत नाही." मी म्हणलो, "बरं." तेव्हाही बरं म्हणलो.

तेरवीले पांढुर्ण्याहून पोरगी आली होती. तिनं गाईचा घास काढला, कावळ्याचा काढला, कुत्र्याचा काढला. मी तिसरं पान उचललं. "बाबा, काहून?" म्हणे. म्हणलो, "तुह्या मायनं सांगितलं होतं." कुंपणापाशी एक कुत्रं येऊन बसलं होतं, पानाकडे पाहत. मी "हाड" म्हणलो. गेलं ते.

सुई मी लावली नव्हती. टिक्का मी ओढला होता. पंचफुलेच्या घासात काहीच नव्हतं.