घरच्या बोटीचे बोल्ट

ते निखळलेलं सुकाणू अजून माझ्या नजरेसमोरून हलत नाही. भर समुद्रात त्याचे बोल्ट तुटले, बोट खडकावर आदळली आणि एका खलाशाच्या पायाचा चुरा झाला. बोट ओढत आगरदांड्याच्या धक्क्याला आणली. मालकाने माझ्या ठाण्यात फिर्याद दिली, की आदल्या दिवशी भांडून घरी बसलेल्या तांडेलानेच, म्हणजे बोट हाकणाऱ्यानेच, बोल्ट कापून ठेवले.

या तांडेलाने त्या बोटीवर उमेदीची वर्षं घालवली होती. गुन्हा चिकटला असता तर तुरुंग होताच, शिवाय किनाऱ्यावर कुणी पुन्हा सुकाणू हाती दिलं नसतं. चौकशीत तो एवढंच म्हणत राहिला, "भांडलो मालकाशी, बोटीशी न्हाय."

सकाळची हजेरी झाली की मी मासळी बाजारात चक्कर मारायची. बायका बोलतात, आपण ऐकायचं. तिथे एका म्हातारीने कोळंबी निवडता निवडता मला खबर दिली. "बाय, आनखी दोन बोटींचे बोल्ट तुटलेत. तिथं पन ह्योच गेलता व्हय?"

त्या दोन्ही बोटी पाहिल्या. कुणाला इजा नाही म्हणून तक्रार नव्हती. तिन्ही बोटींचे बोल्ट एकाच कारखान्यातले. वरून लखलखीत, तुटल्या जागी आतून लाल. कारखानदाराला बोलावलं, तर म्हणाला, माल अस्सल स्टेनलेसचा, पण समुद्रापुढे काय टिकतं?

आता मी मिठागरवाल्यांच्या घरातली. खारं पाणी कशाला खातं आणि कशाला सोडतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. या कारखानदाराच्या भावाची बोटही त्याच धक्क्याला होती, बोल्ट याच कारखान्याचे. पंचांसमोर तिचा एक बोल्ट काढून घेतला, दुकानातून त्याच कारखान्याचा एक नवा घेतला. वरचा थर निघेल अशी दोन्हींवर कानस फिरवून ते मिठागराच्या पाण्याच्या बादलीत, ठाण्याच्या ओसरीत ठेवले. मॅडमनी लोणचं घातलंय, म्हणून शिपाई हसायचे.

काही दिवसांत दुकानातला बोल्ट तांबडा झाला. भावाच्या बोटीचा तसाच चकचकीत. मग बादली कारखानदारापुढे ठेवली आणि विचारलं, "समुद्र तोच, कारखाना तोच. मग हा का नाही गंजला?"

तो पटकन बोलून गेला, "घरच्या बोटीला वेगळी सळई लागते, मॅडम."

लिहून घेणाऱ्या हवालदाराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढचं मग भराभरा बाहेर आलं. घरच्या बोटीचे बोल्ट घडवायला तो खरी स्टेनलेस सळई आणायचा. गिऱ्हाइकाला साध्या लोखंडावर चकाकीचा मुलामा. प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं आणि कोर्टात त्याला शिक्षा लागली.

बोटमालक खाली मान घालून ठाण्यात आला. सगळ्यांदेखत तांडेलाला म्हणाला, चल, बोट तुझी वाट बघतेय. तांडेल म्हणाला, "येतो. पन बोल्ट मी निवडनार, सळई बघून." आम्ही सगळे हसलो, मालकही हसला. नव्या बोल्टांवर ती बोट बंदराबाहेर पडली, तेव्हा वर्दीतली मी धक्क्यावर उभी राहून खुशाल हात हलवत होते.

तेव्हापासून कुणी आपल्या मालाची ग्वाही देऊ लागला, की मी कागद नंतर बघायची. आधी विचारायची, घरी काय वापरता? खरा माणूस लगेच दाखवतो. खोट्याला त्या प्रश्नावर आधी पाणी प्यावंसं वाटतं.